दोन हाकांना ओ नाही

१० डिसेंबर, मंगळवार

वालावरचं दंव कोणी सांडलं ते आधी सांगा. बाकीचं मागून.

वालाला पाणी घालत नाहीत. भात कापलं की जमिनीत ओल असेस्तोवर पेरायचा, पुढं तो दंवावर जगतो. पहाटे बघावं तर सगळा वाफा पांढरा. त्यातून मांजर जरी गेलं तरी हिरवी वाट पडते. आज तशी वाट पडली होती. माझ्या वाफ्यात नाही, कुंपणापलीकडे, इंदूच्या वाफ्यात. तिच्या मागच्या दारापासून निघाली आणि वाफ्याच्या मधोमध थांबली.

इंदू म्हणजे माझी जाऊ. वारली, वर्ष होईल आता. घराला कुलूप, मुलगे कामोठ्याला. तिचा वाल यंदा कोणी पेरला नाही. गेल्या साली तोडायला कोणी नव्हतं म्हणून शेंगा तिथंच गळल्या. पावसात कुजायला हव्या होत्या. कुजल्या नाहीत, उगवल्या. माझ्यापेक्षा दाट.

ही वही नातीनं दिली, तेजश्रीनं. तिला कंपनीत मिळालेली, वर्ष संपत आलं तरी कोरी होती. मी साक्षरता वर्गात बसून पासष्टाव्या वर्षी लिहायला शिकले. आता त्र्याहत्तर. तेजश्री दर रविवारी वही तपासणार आहे, लाल पेनानं. म्हणते, आजी, लिहीत राहिलं की डोकं चालतं. माझं चालतंय. घरातल्या बाकीच्यांचं बघावं.

११ डिसेंबर, बुधवार

साडेचारला उठते. पूर्वीही उठायचे, पण ते पाण्यासाठी, भाकऱ्यांसाठी, सासऱ्याच्या चहासाठी. पन्नास वर्षं पहाट झाली ती माझ्या पाठीमागं, माझं तोंड चुलीकडं. आता भाकऱ्या सून करते. मला कोणी ऊठ म्हणत नाही, म्हणून उठते.

परसात मिरची, वांगी, मुळा, अळू, एक शेवगा आणि वाल. पहाटे हवेपेक्षा माती ऊन असते, हे कोणाला सांगितलं तर पटत नाही. बोटं आत घातली की गुडघेसुद्धा गप्प बसतात. लांब चौक गावाच्या बाजूनं हायवेवरचा एखादा ट्रक ऐकू येतो, तेवढाच. बाकी सगळी माणसं मेल्यासारखी झोपलेली. बरं वाटतं. दिवसभर ह्यांची तोंडं बघायचीच असतात.

म्हातारपण वाईट म्हणतात. दिवस वाईट असेल. पहाट मला म्हातारपणीच मिळाली.

१४ डिसेंबर, शनिवार

आज हाक आली.

मिरचीची आळी उकरत होते. काळोख होता. कुंपणापलीकडून कोणी म्हणालं, "आनंदे." एक मुळा उपटून होईस्तोवर पुन्हा, "आनंदे."

मी ओ दिली नाही. आम्हाला लहानपणापासून सांगितलेलं आहे. उजाडायच्या आधी बाहेरून हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीला द्यायची नाही. तिसरी आली तरच द्यायची. जे माणूस नाही त्याला दोनच हाका मारता येतात. फसून त्याला ओ दिली की ते आपल्याला बरोबर नेतं. माझी चुलती अशीच गेली म्हणत. ती खरी एका ट्रकवाल्याबरोबर गेली होती, पण नियम तो नियम.

थांबले. तिसरी आली नाही.

आनंदे म्हणणारं आता गावात कोणी उरलेलं नाही. आजी म्हणतात, नाहीतर म्हातारी. खुरपं तिथंच टाकून आत आले. जन्मात कधी खुरपं बाहेर टाकलं नव्हतं.

१५ डिसेंबर, रविवार

चहाच्या वेळी सगळ्यांना उभं केलं. काल पहाटे मला हाक कोणी मारली?

किशोर, माझा मुलगा, म्हणाला, "आये, मी तुला नावानं हाक मारीन का?"

"पाठीमागं काय काय म्हणतोस ते ठाऊक हाय मला."

"काळोखात जातेसच कशाला? फुरसं चावलं म्हंजे? उजाडल्यावर जा की."

"उजाडल्यावर तुझी आरडाओरड असते. त्यापरीस फुरसं बरं."

सून नम्रता हसली आणि मग हसली नाही असं केलं. चांगली आहे, पण तिला वाटतं मला दिसत नाही.

तेजश्रीनं वही तपासली. कालच्या पानाखाली लाल पेनानं लिहिलंय, 'छान. भुताची गोष्ट मस्त जमली आजी.' दहापैकी आठ.

गोष्ट.

१९ डिसेंबर, गुरुवार

रोज येते. दोन हाका, मग काही नाही. आवाज ओळखला आहे. लिहिणार नाही.

आज मंगळी आली होती. वरच्या वाडीतली, वीटभट्टीवर जाते. टेंपो येईपर्यंत आमच्या परसाच्या कडेला उभी राहते, मी चहा देते. तिला दंवातली वाट दाखवली. मंगळीचा बाप ससे धरायचा, तिला पावलं वाचता येतात तशी मला अक्षरं वाचता येत नाहीत.

खाली बसून बघत राहिली. चहा निवला.

"जनावर नाय आजी. मानूस हाय. अनवानी."

"कोण?"

"त्ये काय लिवलेलं असतंय?" मग म्हणाली, "ह्ये बघा. पानं सगळी तुमच्याकडं वाकलीत. येतंय त्ये. जात नाय."

"म्हंजे?"

"आल्याली वाट हाय. परतीची नाय."

टेंपोवाल्यानं हॉर्न दिला. कप कुंपणावर ठेवून गेली.

२१ डिसेंबर, शनिवार

वाट कुंपणाच्या अलीकडं आली. निरगुडीची एक काडी मोडलेली नाही. माझ्या वालात चार हात आत. तिथं थांबली.

हाक जवळून आली. आज तोंडात ओ येत होती, गिळली.

२३ डिसेंबर, सोमवार

झारी उचलून उचलून डावा खांदा धरला आहे. खाली कोपरापर्यंत उतरतो. डावीकडची दाढही दुखते, म्हणजे त्या बाजूला आता एकही दाढ नाही तरी दुखते. सकाळी वांग्यापाशी एवढा घाम आला की लुगडं ओलं झालं. थंडीत घाम येणं चांगलं, अंगातलं विष निघून जातं.

नम्रतानं बघितलं. लगेच फोन. कर्जतच्या डॉक्टरांचा सोमवारचा नंबर लावला, तीस तारीख, दहा वाजता.

"एवढ्याशा खांद्याला कर्जत?"

"आई, मी विचारत नाय, सांगतेय."

तिला पहिल्यांदा माझ्यासारखं बोलता आलं. म्हणून हो म्हटलं.

इंदूचाही खांदा गेल्या साली असाच धरला होता. मीच सांगितलं, एरंडाचं पान गरम करून बांध. बांधलं होतं तिनं.

आज मुळे काढले. बोटभर माती चिकटलेला कोवळा मुळा तिथंच पुसून खाल्ला. दात नाहीत तर हिरड्यांनी. पूर्वेला डोंगराची कड दिसायला लागली तेव्हा मनात आलं, हे आणखी दहा वर्षं चाललं तरी मी कंटाळणार नाही. असं मला नवऱ्याबद्दलही कधी वाटलं नव्हतं.

२६ डिसेंबर, गुरुवार

हे पान टाचणीनं बंद करणार आहे. तेजश्रीनं उघडायचं नाही.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. गेल्या साली ह्याच गुरुवारी इंदू गेली.

इंदूची आणि माझी लग्नं एका मांडवात लागली, दोघा भावांना दोघी. ती धाकटी जाऊ, पण मला नावानं हाक मारायची. मी ऐकून घ्यायचे, कारण मला नावानं हाक मारणारी तेवढीच एक. दोघी चुलीतून सुटलो तेव्हापासून रोज पहाटे कुंपणापाशी यायची. आनंदे. आनंदे. आणि तिसरी हाक शिवी घालून, कारण नियम तिलाही ठाऊक होता. शिवीला मी ओ द्यायचे. मग दोघी आपापल्या बाजूनं काम करायचो. कुंपण मधे. भांडणंसुद्धा कुंपणावरून. उजाडलं की ती तिच्या घरात, मी माझ्या.

त्या गुरुवारी मी जागी होते, गोधडीत. हाक आली. आनंदे. आवाज बारीक होता, वाटलं घसा बसलाय. मग दुसरी आली, त्याहून बारीक. मी गोधडी बाजूला केली, उठून बसले, पाय खाली सोडले. आणि तिसरीची वाट बघत राहिले.

किती वेळ ते मला माहीत आहे. बाहेर कोंबडा तीनदा आरवला.

उजाडल्यावर गेले. कुंपणाला धरून बसली होती, माझ्या बाजूला तोंड करून. खांद्याला एरंडाचं पान बांधलेलं. दंव तिच्या केसांवरसुद्धा पडलं होतं. किशोरनं गाडी काढली, दवाखान्यात नेली. डॉक्टर म्हणाले, छातीचं होतं, अर्धा तास आधी आणायला हवं होतं, कोणाला हाक मारली नाही का हिनं?

सगळे म्हणाले, नसेल मारली. मीही म्हटलं, नसेल.

तिसरी मारायचा तिच्यात दम नव्हता. हे मला त्याच दिवशी समजलं होतं. नियमात ते सांगितलेलं नाही.

२७ डिसेंबर, शुक्रवार

वाट धुण्याच्या दगडापर्यंत.

हाक आली नाही. मला तरी नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

तेजश्रीला पहाटेची पाळी असते. पावणेसहाला हायवेवर कंपनीची बस येते, म्हणून पाचला उठून मागच्या दारी दात घासते. आज ती दात घासत आत आली, मी चुलीपाशी खांदा शेकत होते.

फेस थुंकून म्हणाली, "काय गं आजी? कशाला हाका मारतेस?"

"मी नाय मारली."

"मारलीस की. तेजे, तेजे, दोनदा. तोंडात ब्रश होता, नायतर ओ दिली असती."



"मी तुला कधी तेजे म्हणते का गं?"

"नाय म्हणत." जरा विचार केला. "तेजे तर इंदूआजी म्हणायची."

मग घड्याळ बघितलं, डबा घेतला आणि पळाली. एकोणीस वर्षांची आहे, तिच्या डोक्यात एक गोष्ट दोन मिनिटांवर राहत नाही. देवाची कृपा.

मी बाहेर जाऊन बघितलं. दंवातली वाट वालातून निघून न्हाणीच्या कोपऱ्यापर्यंत आली होती. तेजश्री उभी राहते तिथपासून दोन हात.

इंदूचं मला कळतं. माझ्या घरी मीठ नाही म्हटलं की ती तिथं हात पसरून उभी राहणारी नव्हती, पुढच्या दारी जायची. तेरा दिवस माझ्याकडं ओ मागितली. मी दिली नाही. आता पुढचं दार.

२९ डिसेंबर, रविवार

आज तेजश्रीला सुट्टी. साडेचारलाच तिच्या खाटेपाशी जाऊन बसले. खिडकी लावली होती. पोरगी तोंड उघडं टाकून झोपते, बापासारखी.

पाचला हाक आली. खिडकीच्या अगदी बाहेरून. "तेजे."

इंदूचाच आवाज. त्यात राग नव्हता. थकलेला होता, चढ चढून आलेल्या बाईचा असतो तसा.

तेजश्रीनं कूस बदलली.

"तेजे."

झोपेत तिचे ओठ हलले. ओ बाहेर पडणार तेवढ्यात मी तळहात दाबला. दोन्ही हात दाबले. ती दचकून उठली, पाय झाडले, माझ्या बोटाला चावली.

"आजी, काय करतेस? मारशील मला."

किशोर आला, नम्रता आली, दिवा लागला. सगळे माझ्याकडं बघत होते. डोकं फिरलेल्या माणसाकडं बघतात तसं, घाबरून आणि मायेनं. मी म्हटलं, पोरगी झोपेत ओरडत होती. तेजश्री म्हणाली, नाही.

चहाच्या वेळी किशोर म्हणाला, "आये, उद्या डॉक्टरना हेपण सांगायचं. आन उद्यापासून उजाडेपर्यंत भायेर जायचं नाय. मी दाराला कुलूप लावीन."

"कुलूप आतून लावशील का भायेरून?"



वही आज तपासली नाही. बोटाला चार दातांची खूण आहे. दात चांगले आहेत पोरीचे.

३० डिसेंबर, सोमवार, पहाट

तेजश्री, वही तुझ्या ब्रशखाली ठेवली आहे म्हणजे तुला दिसेल. घाईत लिहिते आहे, अक्षराचे मार्क कापू नको. २६ तारखेच्या पानाची टाचणी काढली आहे. ते वाच, मग तुझ्या बापाला वाचून दाखव. वर्षभर मी जे गिळलं ते त्यालाही कळू दे.

कुलूप लावून किल्ली त्यानं देवाऱ्यात ठेवली. पन्नास वर्षं ह्या घरात सगळं तिथंच ठेवतात, तरी त्याला वाटतं मला सापडणार नाही.

साडेचार वाजलेत. परसात जाते आहे. आज अमावास्या, दंव दाट आहे, दारातल्या दिव्यात दिसतंय. हिरवी वाट अजून पडलेली नाही. म्हणजे मी आधी पोचले. डावा हात जड आहे, खुरपं उजव्यानं धरीन. दहाच्या नंबराला येईन, नम्रताला सांग, डोक्यावर बसू नको.

आज दुसऱ्या हाकेला मी ओ देणार. तुझ्यासाठी देते असं समजून रडत बसू नको. मला इंदूला विचारायचं आहे, गोधडीत बसून मी वाट बघतेय हे तुला तिकडून दिसत होतं का. आणि पहाटेला दोघी असलेल्या बऱ्या. एकटीनं वाल चांगला येतो, पण भांडायला कोणी नसतं.

मडक्यात शेंगांची पोपटी लावाल तेव्हा इंदूच्या वाफ्यातल्या शेंगाही घ्या. घाबरू नका, वाल तो वाल. मिरचीला दोन दिवसांनी पाणी. वांग्याला किडकी पानं दिसली की हातानं काढायची, औषध मारायचं नाही. मंगळीला चहा द्यायचा, साखर जास्त.

आता नीट वाच, हे दोनदा सांगणार नाही. काळोखात तेजे म्हणून हाक आली तर ब्रश तोंडात ठेव आणि गप्प राहा, कितीही थकलेला आवाज असो. मी हाक मारीन ती तेजश्री म्हणून मारीन, पुरं नाव घेऊन. कदाचित एकदाच मारीन, कदाचित बारीक. तेव्हा मोजत बसायचं नाही. बापाला विचारायचं नाही, दिवा लावायचा नाही, चप्पल शोधायची नाही. पहिल्याच हाकेला ओ, आणि धावत कुंपणापाशी.

इंदूला ओ मी देणार. मला ओ तू द्यायची.